झाकणावरची खूण

थेरगाव
रविवार, ११ जानेवारी २०२६

तनुजाताई,

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली आहे. ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की प्रयोगाची तिसरी प्लेट मी बुधवारी, दहा सप्टेंबरला लावली, तेव्हा आपण दोघी एकाच टेबलावर होतो आणि गडबडीत झाकणं इकडची तिकडे झाली असतील. हे खरं नाही. ती प्लेट मी मंगळवारी, नऊ सप्टेंबरला दुपारी साडेतीनच्या सुमारास लावली. त्या दिवशी तू चाकणच्या लॅबमध्ये नव्हतीसच. तुझ्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून तू संगमनेरला होतीस. झाकणांना तुझा हात लागलेला नाही. टेबलावर मी एकटीच होते.

रजिस्टरमध्ये बुधवार आहे, कारण मंगळवारी बस चुकेल म्हणून मी तारखेचा रकाना कोरा सोडला. दुसऱ्या दिवशी प्लेट वाचताना त्या दिवसाची तारीख टाकून दिली. मागचं पत्र लिहिताना मी रजिस्टरचा फोटो समोर ठेवला होता. आठवणीपेक्षा रजिस्टर खरं, असं आपल्याला शिकवलंय. पण यावेळी मला आठवत होतं. आठवत असून मी रजिस्टरवर भरवसा ठेवला, कारण रजिस्टरप्रमाणे तू तिथे होतीस.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस ते योग्यच केलंस. म्हणून कागदावर लिहिते. उत्तर दे असं म्हणत नाही.

मागच्या पत्रात मी एवढंच कळवलं होतं की ४१७ चा, आपल्या नव्या औषधाचा, निकाल चुकीचा निघाला. कसा, ते नीट सांगायला हवं होतं.

तुला आठवत असेल, आईला मी प्लेटचा फोटो दाखवला तेव्हा ती म्हणाली होती, "हे काय गं, अप्पेपात्र?" तेव्हापासून आपण शहाण्णव वेलच्या, म्हणजे बारीक वाट्यांच्या, प्लेटला अप्पेपात्र आणि वेलला खळगा म्हणायला लागलो. त्याच संध्याकाळी बाबांनी विचारलं होतं की तुम्ही तिथं नेमकं करता काय. मी सांगितलं की जिवाणूला जगायला साडेतीनशेच्या आसपास कामं करावीच लागतात आणि प्रत्येक कामामागे एक जनुक असतं. आमच्याकडे असे जिवाणू आहेत की प्रत्येकाचं एकेकच जनुक मंद केलंय. एका खळग्यात एक, म्हणून सगळ्यांना मिळून चार प्लेटा. सगळ्यांना नव्या औषधाचा थोडासाच डोस द्यायचा. धडधाकट जिवाणू तेवढ्याने मरत नाही. पण औषध ज्या कामावर घाव घालतं तेच काम ज्याचं आधीपासून मंद आहे, तो आधी मरतो. जो खळगा आधी स्वच्छ होतो, तिथे औषधाचा पत्ता सापडतो.

बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे लाईनवर एकेका स्टेशनला माणूस कमी ठेवायचा अन् वरून लोड वाढवायचा. जिथं आधी बोंब होईल, तिथं दुखणं."

तू ते ऐकून किती हसली होतीस. "बाबांना सरांच्या जागी बसवा," म्हणाली होतीस.

तर तिसरी प्लेट. त्या खोक्यातल्या प्लेटा नव्या कंपनीच्या होत्या. कोपरा कापलेला नव्हता आणि कडेची अक्षरं एवढी पुसट की दिव्याखाली तिरकी धरल्याशिवाय दिसत नव्हती. म्हणून मी वरची डावी बाजू कळावी यासाठी लाल टेपचा तुकडा लावला. तो लावला झाकणावर. भरताना चारही झाकणं काढून बाजूला ठेवली, भरून झाल्यावर परत बसवली. तिसरीचं झाकण उलटं, म्हणजे अर्धा फेरा फिरून, बसलं. बुधवारी मी टेपकडे बघून प्लेट वाचली. म्हणजे अख्खी प्लेट मी डोक्याकडची पायाकडे वाचली.

मरून गेलेला जिवाणू मला सातव्या ओळीत दहावा दिसला. नकाशात तिथे पेशीची भिंत बांधण्याचं जनुक. खरा तो दुसऱ्या ओळीत तिसरा होता. तिथे पडद्याच्या चरबीचं जनुक आहे. तुला पुढचं सांगायची गरज नाही. भिंत फक्त जिवाणूला असते, आपल्या पेशींना नसते, म्हणून भिंतीवरचं औषध म्हटल्यावर सगळे नाचले. पडदा मात्र आपल्यालाही असतो. तू मेंढीच्या रक्तात ४१७ टाकून दाखवलं होतंस की लाल पेशी फुटतात. तू म्हणाली होतीस, हे पडदा फाडतंय. तू बरोबर होतीस.

डिसेंबरमध्ये सरांना पैसे लावणाऱ्या पाहुण्यांसाठी प्लेटचे नवे, स्वच्छ फोटो हवे होते, म्हणून मी चारही परत लावल्या. यावेळी जुन्या कंपनीच्या प्लेटा होत्या, कोपरा कापलेल्या. तिसरीतला स्वच्छ खळगा जागेवर नव्हता. दोन दिवस मला वाटलं की यावेळीच काहीतरी चुकलं. मग शनिवारी सकाळी आई डबे भरत होती. तिने एक झाकण लावायला घेतलं, डबा उचलून त्याचं बूड बघितलं आणि मग लावलं. चाळीस डबे, चाळीस वेळा. आईला वाचता येत नाही, म्हणून नावांऐवजी तिच्या ऑइलपेंटच्या खुणा आहेत, ठिपका, बाण, फूल. प्रत्येक खूण झाकणावर आणि बुडावर, दोन्हीकडे.

पूर्वी ती पण नुसती झाकणावर करायची. मग एका गुरुवारी शेजारच्या सोसायटीतल्या सुमनताईंच्या उपासाच्या डब्यात अंडाकरी गेली. सुमनताई डबा हातात धरून जिन्यात उभ्या राहून ओरडल्या होत्या, "सावित्रीबाई, तेरा वर्षांचा गुरुवार बाटवलात माझा!" मी तेव्हा आठवीत होते. आई घरात येऊन म्हणाली, "झाकणाचा काय भरवसा बाई, ते कुठं बी बसतंय."

हे मी लहानपणी ऐकलंय. बुडावर ठिपके मीच काढून दिलेत.

तुझा डबा अजून मांडणीवर आहे. दोन हिरवे ठिपके. आई तो दुसऱ्या कुणाला देत नाही. तू सुट्टीवर आहेस असं मी तिला सांगितलंय.

अपेक्षा


थेरगाव
रविवार, २५ जानेवारी २०२६

तनुजाताई,

पत्र पोचलं की नाही माहीत नाही. पोचलं असं धरून लिहिते.

मी तिसरी प्लेट आणखी तीनदा लावली. दोन वेळा खूण बुडावर केली, तिसऱ्या वेळी गणराजला भरायला सांगितली, कुठलं जनुक कुठे आहे ते त्याला न सांगता. तिन्ही वेळा दुसऱ्या ओळीत तिसरा. गणराजने विचारलं, "काय गं, माझ्या पोराची परत परत परीक्षा का घेतेस?" ४१७ ला तो "माझा पोरगा" म्हणतो हे तुला माहीत आहे. चौदा महिने लागले त्याला तो रेणू बनवायला. मी म्हटलं, फोटोसाठी.

मग सोळा तारखेला मी सरांकडे गेले. दार लावून घेतलं. तिसऱ्या प्लेटचे चारही नवे फोटो टेबलावर ठेवले आणि सांगितलं. निरंजन सर ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी फोटो बघितले, चष्मा काढला आणि टेबलाच्या काचेखालचा कागद माझ्याकडे फिरवला. त्यांच्या वडिलांचा रिपोर्ट. तो तिथे आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी नीट वाचला नव्हता. एका बाजूला औषधांची नावं, समोर एकच अक्षर. आर, आर, आर. म्हणजे जिवाणू दाद देत नाही.

"मोज," म्हणाले.

मी मोजले. बावीस.

"अकरा दिवस आयसीयूत होते. रोज एक नवीन नाव लिहून द्यायचे, मी धावत जाऊन आणायचो. मला तेविसावं पाहिजे, अपेक्षा."

मी म्हटलं, "सर, पण ते लाल पेशी फोडतं."

"डोस कमी करू. रेणूत बदल करू. पण त्यासाठी आधी हा प्रोजेक्ट जिवंत राहायला पाहिजे ना? सव्वीस फेब्रुवारीला माणसं येतायत. त्यांनी हात दिला तर पुढची दोन वर्षं मिळतील. तेव्हा तू हे सगळं दुरुस्त कर, मीच सांगतो."

"आणि त्यांना काय दाखवायचं?"

"जे सप्टेंबरमध्ये दाखवलं तेच. शंका प्रत्येक कामात असते. ती फाईलला लावून पाठवायची नसते." मग म्हणाले, "प्रेझेंटेशन तूच दे. तुझ्या तोंडून बरं वाटेल. घरातली पहिली शिकलेली मुलगी वगैरे, लोकांना आवडतं."

मला ते शब्द ऐकून लाज वाटली. पण खरं लिहायचं तर आधी बरं वाटलं. लाज बसमध्ये बसल्यावर वाटली, तळवडे चौकात गाडी अडकली तेव्हा.

सर वाईट माणूस नाहीत, असं मला अजून वाटतं. त्यांना खोटं बोलायचं नाही. त्यांना फक्त आत्ता खरं ऐकायचं नाही. पण जे औषध रक्त फोडतं ते भिंतीचं औषध म्हणून पुढे सरकलं, तर पुढच्या प्रत्येक टप्प्यावरचा माणूस चुकीच्या जागी बघत बसेल. कधीतरी कुणीतरी ते पकडेल. कधी, कुणाच्या अंगात, ते मला माहीत नाही.

आणखी एक. लॅबमध्ये जेवताना रोहिणीने मला थांबवलं. "काय हिरॉईन, पेढे कधी? एक तारखेपासून तू पर्मनंट." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ऐक ना, तनुजाबद्दल हिंजवडीच्या एका लॅबमधून फोन आला होता. सरांनीच घेतला. म्हणाले, मुलगी हुशार आहे, पण अचूकतेचा प्रश्न आहे." तिने हे चपातीचा तुकडा मोडत सांगितलं. तुझी नोकरी गेली तेव्हाच्या रिलीव्हिंग लेटरमध्येही तेच वाक्य आहे, हो ना? मी ते लेटर पाहिलेलं नाही. रोहिणीने सांगितलं म्हणून कळलं. तू कॉलेजात तासांवर शिकवतेस हेही तिच्याकडूनच कळलं.

आता मला मागच्या पत्रातली आणखी एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. मी लिहिलं की डिसेंबरमध्ये मला कळलं. हे पूर्ण खरं नाही.

प्रत्येक प्लेटमध्ये आपण डावीकडचा खालचा कोपरा रिकामा ठेवतो. जिवाणू घालतच नाही, नुसतं खाद्य. तो कोपरा स्वच्छ दिसला की प्लेट सरळ आहे हे कळतं. त्यासाठीच तो असतो. दहा सप्टेंबरला तिसऱ्या प्लेटमध्ये तो गढूळ होता, आणि उजवीकडचा वरचा कोपरा स्वच्छ होता. मी ते बघितलं. माझ्या हस्ताक्षरात शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, "खालचा डावा खळगा दूषित." वरच्या उजव्याबद्दल मी काहीच लिहिलं नाही.

दूषित असू शकला असता. असं होतं कधीकधी. पण एक कोपरा दूषित व्हावा आणि नेमका समोरचा मरावा, हे दोन्ही एकाच वेळी? मला तेव्हाच खटकलं होतं. मी ठरवलं की उद्या प्लेट परत लावू. दुसऱ्या दिवशी सरांनी निकाल बघितला आणि सगळ्यांसमोर टाळी दिली. मग ती परत लावायची राहून गेली.

राहून गेली असं लिहिते आहे. मी लावली नाही.

अपेक्षा


थेरगाव
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

तनुजाताई,

तुझं पोस्टकार्ड मंगळवारी आलं.

पाकिटात का नाही घातलंस, हा पहिला विचार माझ्या मनात आला. नंतर कळलं की मुद्दामच नाही घातलंस. बाबांची पहिली शिफ्ट होती, ते चारला घरी आले, तेव्हा पोस्टमन खालीच भेटला. बाबा चौथीपर्यंत शिकलेत. त्यांना वाचायला वेळ लागतो, पण समोर आलेला कागद ते वाचल्याशिवाय ठेवत नाहीत. मी घरी पोचले तेव्हा ते खुर्चीत बसून कार्डावर बोट फिरवत होते.

"तू मीटिंगमध्ये काय म्हणालीस ते अजून लिहिलेलं नाहीस. – तनुजा."

"कसली मीटिंग गं?" बाबांनी विचारलं. "काय म्हणालीस तू?"

"काही नाही. कामाचं आहे."

"ही तनुजा म्हंजी आपली तनुजाच ना? मोठी सुट्टी घेतली म्हणायची."

आई आतून म्हणाली, "तिला म्हणावं, डबा वाट बघायलाय."

मी हो म्हटलं.

गेल्या रविवारी मी पर्मनंट झाले. पत्र सोमवारी हातात मिळालं. बाबांनी त्याची झेरॉक्स काढून घेतली आणि कंपनीत लॉकरच्या आतल्या बाजूला चिकटवली. सगळ्या लाईनला दाखवली असणार. "माझी पोरगी औषध शोधायली," हे त्यांचं वाक्य तू ऐकलं आहेस. तू ते त्यांच्यासारखंच बोलून दाखवायचीस आणि मला राग यायचा.

मी पुन्हा दुसरंच लिहायला लागले. तुला हेच माहीत होतं.

सोमवार, बावीस सप्टेंबर. साडेनऊची मीटिंग. डायरेक्टर मॅडम, निरंजन सर, गणराज, रोहिणी, तू आणि मी. तू तुझे लाल पेशींचे आकडे मांडलेस. सर म्हणाले की अपेक्षाच्या प्लेटांमध्ये स्पष्ट भिंत आली आहे, मग पेशी का फुटाव्यात? तू म्हणालीस, "मला माहीत नाही सर, पण फुटतात." सर म्हणाले की तू ४१७ पातळ करताना चुकली असशील, दहापट जास्त गेलं असेल. तू म्हणालीस, नाही. मॅडमनी घड्याळ बघितलं. मग सर माझ्याकडे वळले.

"अपेक्षा, दहा तारखेच्या बुधवारी तू त्याच टेबलावर होतीस. तिनं नीट पातळ केलं होतं का?"

आता मी जे पाहिलं होतं ते लिहिते. दहा सप्टेंबरला सकाळी साडेअकरा वाजता तू नळ्या लावल्यास आणि मला म्हणालीस, "ये, आकडे वाच." मी रजिस्टरमधून एकेक आकडा वाचत होते, तू तो मोठ्याने परत म्हणत होतीस आणि मग ओतत होतीस. ही तुझीच पद्धत. नव्या मुलींना तू हेच शिकवायचीस, एकीने वाचायचं, दुसरीने परत म्हणायचं, मग हात हलवायचा. आठ नळ्या. आठही आकडे मी वाचले. पाचव्या नळीच्या वेळी फोन वाजला तेव्हा तू थांबलीस आणि म्हणालीस, "परत वाच." मी परत वाचला. तू एकही चूक केली नाहीस. माझ्याइतकी खात्री जगात दुसऱ्या कुणालाच नव्हती.

मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं, सर."

एवढंच. चार शब्द. तू नीट पातळ केलं नाहीस असं मी म्हटलं नाही, आणि पुढचे चार महिने मी स्वतःला हेच सांगत राहिले, की मी तुझ्याविरुद्ध एक शब्दही बोलले नाही.

का म्हटलं, तेही लिहायला हवं. मला सरांची भीती वाटली असं लिहून सुटता येईल. भीती होतीच, पण ती रोजची होती. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर तो कोपऱ्यातला गढूळ खळगा आला. तू बरोबर असशील तर माझी प्लेट चूक होती. दोघींपैकी एकीचंच काम खरं असणार होतं. तुझं खोटं पडलं तर माझी प्लेट परत कुणी उघडून बघणार नव्हतं. एवढा सगळा हिशोब मी एका श्वासात केला. मला वाटायचं, मी घाबरट आहे, संथ आहे, दार लावलं की नाही हे दोनदा बघणारी आहे. त्या दिवशी मी अजिबात संथ नव्हते.

तू माझ्याकडे बघितलंस. मग पेनाला टोपण लावलंस. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

दुपारी बसमध्ये तू नेहमीच्या जागी बसली नाहीस. निगडीला उतरताना तुझ्या पिशवीचा बंद दारात अडकला, तो मी सोडवून दिला. तू "थँक्स" म्हणालीस. मला तेव्हा वाटलं की सगळं ठीक होईल.

माफी मागत नाही. मागितली तर द्यायची की नाही, हे ओझं पुन्हा तुझ्यावर येईल.

अपेक्षा


थेरगाव
गुरुवार, १९ फेब्रुवारी २०२६

तनुजाताई,

आज शिवजयंती, सुट्टी आहे. डांगे चौकातल्या ढोलांनी खिडकीच्या काचा थरथरतायत. पोस्ट बंद आहे, हे उद्या स्पीडपोस्टने टाकेन.

आज सकाळी मी घरी सांगितलं. दोघंही घरी असतील असा दिवस क्वचित येतो, म्हणून आजचाच धरला होता. चहा झाल्यावर सांगितलं. झाकण, खळगा, मीटिंग, सगळं.

बाबांनी रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आमच्यात ज्यानं पास केला त्याचा स्टॅम्प पडतो मालावर. माझा एकोणीस नंबर. खराब माल शॉपमध्येच सापडला तर शिवी बसती, ओव्हरटाइम करून निस्तरता येतं. गिऱ्हाइकाकडं निघाला तर ते आधी स्टॅम्प बघतात."

"मग मी सांगू ना, बाबा?"

ते पटकन हो म्हणतील असं वाटलं होतं. म्हणाले, "नोकरी जाईल का?"

"जाऊ शकते."

"जाईलच, का जाऊ शकते?"

"जाईल बहुतेक. आणि दुसरीकडे विचारतील, का सोडली."

त्यांनी मान हलवली. उठून शर्ट चढवला आणि मिरवणूक बघून येतो म्हणून बाहेर पडले. अजून आले नाहीत. लॉकरमधली झेरॉक्स ते काढतील की तशीच ठेवतील, हा विचार सकाळपासून माझ्या डोक्यातून जात नाही.

आई भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "म्हंजी ती पोरगी सुट्टीवर नव्हती."

"नाही."

"पाच महिने मला खोटं बोलायलीस."

"हो."

"तिनं माझ्या हातचं खाल्लंय, अपेक्षा. दोन वर्षं." मग नळ बंद केला. "अन् मी तुला डब्याचं बूड बघायला शिकवलं."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. बोलत नसली तरी माझं ताट वाढून ठेवलं.

मी काय करणार आहे ते लिहिते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

पाहुणे सव्वीसला येतायत. त्यांच्यासमोर सांगावं असं आधी वाटत होतं. पण ते तमाशा केल्यासारखं होईल, आणि जी माणसं त्या दिवशी खोलीत होती त्यांच्यासमोर ते आधी बोललं पाहिजे. तेवीस तारखेला सोमवारच्या मीटिंगमध्ये प्रेझेंटेशनची तालीम आहे. डायरेक्टर मॅडम, सर, गणराज, रोहिणी, तेच चौघं असतील. तुझी खुर्ची रिकामी असते, रोहिणी तिच्यावर पर्स ठेवते.

तिसऱ्या स्लाइडवर मी जुना फोटो ठेवला आहे आणि त्याच्या शेजारी तोच फोटो उलटा फिरवून, कोपऱ्यातल्या खळग्याला वर्तुळ करून. त्याखाली चार नव्या प्लेटा. चौथ्या स्लाइडवर तुझे लाल पेशींचे आकडे, तुझ्या नावासकट. हे चित्र बघायला कुणाला शास्त्र यायला लागत नाही. आईलाही कळलं असतं.

स्लाइडच्या आधी मला दोन वाक्यं बोलायची आहेत. ती पाठ करते आहे, कारण माझा आवाज कापतो आणि सर मधे बोलले तर मी थांबते. पहिलं: "बावीस सप्टेंबरला मी म्हणाले होते की माझं लक्ष नव्हतं, ते खोटं होतं." दुसरं: "आठही आकडे मी वाचले आणि तनुजाने आठही बरोबर ओतले." मधे थांबवलं तर पहिल्यापासून सुरू करीन. तू पाचव्या नळीला केलं होतंस तसं.

हेच सगळं दोन पानांवर लिहून, सही करून, त्याच्या पाच प्रती काढल्या आहेत. चार त्यांना देईन. पाचवी या पाकिटात आहे. हिंजवडीच्या त्या लॅबचं नाव रोहिणी सांगत नाही. तुला माहीत असेल, तर ही प्रत त्यांना दाखव. दाखवायची नसेल तर फाड. ती तुझी आहे. सही दोन्ही पानांवर आहे, वरच्या आणि खालच्या, कारण वरचं पान खालच्यापासून सुटू शकतं.

गणराजचं काय होईल ते मला माहीत नाही. सरांच्या काचेखालचा कागद तसाच राहील, बावीस आर असलेला, आणि त्याखाली तेविसावं नाव आता लवकर लिहिलं जाणार नाही. त्याचं मला खरंच वाईट वाटतं. जिवाणू आमच्यासाठी थांबणार नाहीत. पण चुकीच्या दारावर उभं राहून वाट बघितली म्हणून ते दार उघडत नाही.

आत्ता आई मांडणीपाशी गेली. तुझा डबा काढला, पदराने पुसला, झाकण उघडून आत बघितलं, परत लावलं आणि बूड वळवून बघितलं. दोन्हीकडे दोन हिरवे ठिपके आहेत. मग तो तिने दारापाशी आणून ठेवला. कुठे पाठवायचा ते मला विचारलं नाही. मी सांगणार आहे, पण सोमवारनंतर.

यावेळी मी तारखेचा रकाना कोरा सोडणार नाही. पाचही प्रतींवर तो आत्ताच भरून ठेवला आहे.

सोमवार, २३ फेब्रुवारी २०२६, सकाळी साडेनऊ.

अपेक्षा